सात नंबरची घंटा

वॉर्डातल्या सात नंबरच्या पलंगावरच्या आजोबांनी घंटा दाबली, पण नर्सच्या टेबलावर ती वाजलीच नाही. ते एकटेच उठले आणि पडले. आता वायरमन खरातमामा पलंगाखाली शिरून केबल बदलत होते. “माझंच काही चुकलं असणार, मॅडम,” ते मला म्हणाले.

घंटेचा निरोप टेबलापर्यंत नेणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तो उघडला. निरोप झटकन जावा म्हणून सॉकेटसाठी, म्हणजे दोन संगणकांमधल्या जोडणीसाठी, मी पोच न घेणारा प्रोटोकॉल मागितला होता. संगणकाचा कर्नेल, म्हणजे त्याच्या प्रणालीचा गाभा, कशाला म्हणून विचारत नाही. मागाल तो जोडून देतो. वाटेत हरवलेला निरोप मग पुन्हा जात नाही.

पलंगाकडच्या आणि टेबलाकडच्या प्रोग्राममध्ये मी गुपचूप पोच घेणारा प्रोटोकॉल घातला. घंटा वीसदा दाबली, वीसदा वाजली.

घाम पुसत मामा सिस्टरांना म्हणाले, “माफ करा, मीच केबल खराब टाकली होती.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.