भर उन्हातला फ्लॅश

म्हाताऱ्या शिंपीकाकांना फोटोवाल्या बाईंनी अंगणातल्या बाकावर उन्हाकडे पाठ करून बसवलं. ऊन तोंडावर घेतलं की माणूस डोळे बारीक करतो, आणि पाठीवर घेतलं की चेहऱ्यावर काळोख साचतो. अशा वेळी बाई भर दुपारी जरासा फ्लॅश टाकायच्या. सावली उचलली जावी, आणि फ्लॅश टाकलाय हे फोटोत कुणाला कळू नये, इतकाच. कॅमेरा जुना, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. रोल बारा फोटोंचा. बारा म्हणजे बारा, उगाच खटाखट बटण दाबायची चैन नाही.

काकांची मुलगी त्यांचा कोट आणायला आत गेली होती. चार वाजता तिची गाडी होती, पुढे विमान, आणि मग तीन वर्षं परदेशात नोकरी. जाण्याआधी फोटो हवा म्हणून तीच मागे लागली होती.

बॅटरीने परवा एका लग्नात दगा दिला होता, म्हणून बाईंनी फ्लॅश हातात घेतला आणि काकांच्या तोंडापासून दोन हातांवर बटण दाबून बघितलं. लख्ख उजेड पडला. खुद्द बाईंचेच डोळे मिटले. काका मात्र ढिम्म. पापणीसुद्धा लवली नाही.

"बाई, फ्लॅश टाकाल तेव्हा आधी सांगा हं," ते म्हणाले. "मी डोळे नीट उघडे ठेवतो."

बाईंनी फ्लॅश खाली घेतला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "टाकला मी आत्ता."

काका पायजम्याची शिवण अंगठ्याने चाचपत राहिले.

"उजवा गेल्या वर्षी गेला," ते म्हणाले. "डावा या महिन्यात. आता दिवस की रात्र तेही कळत नाही. दुकान बंद केलं ते गुडघ्यांच्या नावावर."

"आणि पोरीला पत्ता नाही?"

"घरातली पावलं मोजून ठेवलीत. कपाच्या काठाला बोट लावून चहा ओततो. सकाळी पेपर घेऊन बसतो. एकदा उलटा धरला, तर म्हणाली, बाबा, डुलकी लागली वाटतं." काका हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नका. आईच्या दुखण्यात तिची एक नोकरी गेली. हे कळलं तर भरलेली बॅग रिकामी करायला घेईल. माझं काय, वरच्या मजल्यावर भाऊ राहतो, निघतील दिवस. पण ती माझ्यापायी पुन्हा अडकली, तर ते मला नाही सोसायचं."

पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. नजरेचं येत असावं, निदान गाडी सुटेपर्यंत तरी, असं बाईंना वाटलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. तेही काकांना ऐकू जाईल असं, मोठ्याने.

मुलगी कोट घेऊन आली. "घ्या. शिंप्याचाच कोट आणि शिंप्याचंच बटण लोंबतंय," म्हणत तिने तो त्यांच्या अंगावर चढवला, बटणं स्वतःच लावली आणि शेजारी बसली. काकांनी मान ताठ केली. आठ फोटो ठीक झाले.

"मावशी, आता एक जवळून," मुलगी म्हणाली.

बाई पुढे सरकल्या. नेमका फोकस लावायला त्यांनी झाकणातलं छोटं भिंग वर केलं आणि काचेत मुलीचा चेहरा बघितला.

ती रडत होती. तोंडाने वडिलांची थट्टा चालली होती, "पोट आत घ्या बाबा, तिकडे सगळ्यांना दाखवायचाय हा फोटो," आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. आवाजात त्याचा मागमूस नव्हता. तिने ते पुसलं नाही की तोंड फिरवलं नाही. ज्याला दिसतं असं माणूस शेजारी बसलेलं असताना कुणी असं रडत नाही.

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. ठाऊक असून ती निघाली होती. बाईंना तिचा राग आला, आणि तो धड टिकेनाही. त्यांनी मान वर केली. मुलीने त्यांच्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"टाकते हं फ्लॅश," बाई म्हणाल्या.

उजेड पडला. मुलीच्या दोन्ही गालांवरचे ओघळ चमकले. काका डोळे मोठे करून समोर बघत होते.

"हसतेय ना ती, बाई?"

"हसतेय," बाई म्हणाल्या.

"हसली की गालाला खळी पडायची हिच्या. बघू, अजून पडते का," म्हणत काकांनी हात उचलला, आणि त्यांची बोटं हवेतून चाचपडत तिच्या चेहऱ्याकडे निघाली.

तिने ती वाटेतच धरली आणि दोन्ही हातांत घट्ट दाबून ठेवली.

"नको ना बाबा," ती हसऱ्या आवाजात म्हणाली. "पावडर पुसेल."