शिवणाऱ्या बाई

"तुम्ही पेशंट आहात असं समजा," म्हणत धाकटीने समोरच्या टकल्या गृहस्थांना खुर्चीत मागे रेलायला लावलं, आणि त्यांचा हात तसूभरही न उचलता शर्टावरून गाऊन चढवला. तसाच काढलाही. खांद्यावरची टिचबटणं टपटप लागली, टपटप उघडली.

टेबलामागचे तिघेही हसले. नव्या धंद्यांत स्वतःचे पैसे घालणारी ही माणसं, ज्यांना 'एंजल' म्हणतात. सकाळपासून चार जण त्यांच्यासमोर जाऊन आले होते आणि चौघेही पडेल चेहऱ्याने बाहेर पडले होते. धाकटी बाहेरच्या बाकावरून ते बघत बसली होती. शेजारी तिची थोरली जाऊ, मांडीवर गाऊनची पिशवी घेऊन.

"एंजल म्हणजे देवदूत ना गं?" थोरलीने हळूच विचारलं होतं. "मग हे देवदूत व्याज किती लावतात?"

"व्याज नाही ताई. धंद्यात हिस्सा मागतात."

"मग बरंय. तुझ्यातला थोडा, माझ्यातला थोडा देऊन टाकू."

आत यायला मात्र ती काही केल्या तयार झाली नाही. "चार माणसांत माझी बोबडी वळते. तू जा. तू छान बोलतेस."

आणि धाकटी खरंच छान बोलत होती.

"हे सुचलं कोणाला?" तिघांतल्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"माझ्या जावेला. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. कपडे बदलताना हात उचलला की कळवळायच्या. ताईंनी जुन्या चादरी कापून सतरा गाऊन बिघडवले. अठरावा जमला."

"वा," टकले गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी समोरचा कागद उलटला. "पण निम्मी कंपनी त्यांच्या नावावर दिसतेय."

"हो. निम्मी त्यांची, निम्मी माझी."

"पुढे त्या करणार काय?"

"त्या शिवतात. मापं काढतात, कापड निवडतात..."

"म्हणजे शिवणाऱ्या बाई. मग त्यांना चांगला पगार द्या की. हिस्सा कशाला? हे बघा, आम्ही पैसे घालतोय ते तुमच्याकडे बघून. उद्या दोघी जावांचं बिनसलं, तर अर्ध्या अर्ध्या कंपनीचं आम्ही काय करायचं? मालक एकच हवा."

धाकटीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्या नसत्या तर हा गाऊनच नसता. एवढंच म्हणायचं होतं. पण टेबलावर हॉस्पिटलचं पत्र पडलेलं होतं: तीनशे गाऊन, दोन महिन्यांत. घरी मशीन एकच, तेही थोरलीच्या स्वयंपाकघरात. धाकटीने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "घाई नको. त्या बाहेरच बसल्यात ना? विचारून या. आम्ही थांबतो."

दार दहा पावलांवर होतं.

"विचारायची गरज नाही," धाकटी म्हणाली. "त्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ती बाहेर आली तेव्हा थोरली उभीच होती.

"काय झालं? तोंड का असं?"

"मिळाले ताई. मागितले तेवढे सगळे."

थोरलीने तिचे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. "बघ! मी म्हटलं नव्हतं? माझ्याच्याने काही झालं नसतं. त, त, प, प करून हात हलवत परत आले असते."

"मोठी जागा घ्यायचीय. दहा मशिनं." धाकटी भराभर बोलू लागली. "आणि तुम्हाला दर महिन्याला पगार, ताई. धंदा चालो न चालो, तुमचा पगार पक्का."

थोरलीचे हात थांबले.

"पगार? कोण देणार?"

"कंपनी."

"कंपनी म्हणजे आपणच ना?"

धाकटीने लिफ्टचं बटण दाबलं. ते आधीच पेटलेलं होतं, तरी पुन्हा दाबलं. "त्यांना मालक एकच हवा होता. मी खूप..." ती अडखळली. खूप काय, ते तिला जुळवता येईना. "नवे कागद होतील. त्यावर तुमची सही लागेल."

लिफ्ट आली. दोघी आत शिरल्या. धाकटीच्या हातात टकल्या गृहस्थांच्या अंगावर घातलेला गाऊन तसाच चुरगळलेला होता. थोरलीने तो काढून घेतला, झटकला, बाही बाहीवर ठेवली, घडी घातली.

"मला विचारलं असतंस," ती म्हणाली, "तर मी हो म्हटलं असतं गं."

"ताई, मी येणारच होते विचारायला..."

थोरलीने घडी पिशवीत ठेवली. वरचे आकडे एकेक करून उतरत होते. धाकटीला वाटत होतं, हिने ओरडावं, चारचौघांत आपली लाज काढावी, निदान रडावं तरी. मग आपल्यालाही काही बोलता येईल. पुन्हा वर जाता येईल. ते तिघे अजून गेले नसतील.

दार उघडलं. थोरली एका बाजूला सरकली आणि धाकटीला पुढे जायला वाट दिली.

"नव्या जागेत कामाला किती वाजता येऊ?" तिने विचारलं. "तुम्ही सांगाल तशी येईन."