दोन तासांचा पाहुणा

भागवत सरांचं बुकिंग आलं, तसा शैलाताईंच्या फोनवर लाल इशारा झळकला: ‘पाहुण्याची झोप सरासरी दोन तास. नकार द्यावा.’

दिवेआगरातलं त्यांचं तीन खोल्यांचं घर बुकिंगच्या यादीत पहिल्या पानावर होतं, ते पाहुण्यांच्या मनगटी पट्ट्यांनी मोजलेल्या झोपेमुळेच. त्यापायी ताईंनी कोंबडासुद्धा देऊन टाकला होता. एक वाईट आकडा आला, की घर थेट शेवटच्या पानावर. पण सर दरवर्षी बायकोला घेऊन यायचे आणि यंदा एकटेच येणार होते. ताईंनी होकार दिला.

आल्या आल्या सरांनी पट्टा काढून ताईंच्या हातात ठेवला. “माझी झोप हिच्याबरोबरच गेली. रात्री हा तुम्हीच बांधा, ताई. माझ्यामुळे तुमचं नुकसान नको.”

सकाळी सर ओसरीवरच्या आरामखुर्चीत चक्क घोरत होते. त्यांचा चहा झाकून ठेवून ताईंनी यादी उघडली. घर शेवटच्या पानावर गेलं होतं. सरांच्या नावापुढे आकडा होता: एक तास चाळीस मिनिटं.

ताई आपल्या मनगटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पट्टा सोडला, दुसरी खुर्ची ओढली आणि डोळे मिटले. उठवायला कोंबडाही नव्हता.