फिरत्या पट्ट्यावरची वाटी

"आमची साधी माणसं सुशी खायला फिरत्या पट्ट्याच्या हॉटेलात जातात, चारू-सान. समोरून वाट्या-बश्या फिरतात, हवी ती उचलायची. स्वस्त आणि मस्त! लॉकडाऊन उठला की तुला डब्लिनला नेतो," असं आयर्लंडमधल्या शॅनन गावच्या कारखान्यात चारुदत्तशेजारी काम करणारा जपानी मोरिता नेहमी म्हणायचा. लॉकडाऊन उठला, पण तोवर मोरिताच कोविडनं गेला होता. चारुदत्त एकटाच तिथं गेला. दुसरं गिऱ्हाईक औषधाला नव्हतं.

त्यानं भाताची वाटी उचलली आणि भातात जेवायच्या दोन्ही काड्या उभ्या रोवल्या. पूर्वी एकदा डब्यात अशाच रोवल्या, तेव्हा मोरिता केवढ्यानं ओरडला होता, "काढ आधी! असं फक्त मेलेल्या माणसाला वाढतात!"

वाटी पट्ट्यावर परत ठेवून, पिंडाला कावळा शिवायची वाट बघावी तसा तो बसून राहिला.

वाटी फिरून तशीच आली. "तुझ्या आईला फोन करत जाईन रे." पुन्हा तशीच. "तुझी सायकल जपेन." तरी तशीच.

शेवटी त्यानं मास्क खाली ओढला. "ताप मला होता, मोरिता. तरी गोळी घेऊन मी तुझ्या शेजारी कामाला बसलो. माफ कर बाबा."

या खेपेला वाटी चाटूनपुसून रिकामी आली. "शिवला एकदाचा!" म्हणत चारुदत्तनं हात जोडले.

पुढच्या फेरीला वाटी पुन्हा भरून आली. भातावर मासा नव्हता, काकडी होती. चारुदत्त शाकाहारी आहे हे इथं एकट्या मोरितालाच ठाऊक होतं. काड्या भातात उभ्या रोवलेल्या होत्या. आणि वाटी नेमकी चारुदत्तसमोर येताच पट्टा थांबला.