गावाला जायचं लुगडं

मनुबाई लुगडं सोडून बाकी सगळी नटून बसली होती.

रहिमतपूर स्टेशनाच्या फलाटावर, कडुलिंबाच्या सावलीला. केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, अंगात खणाची चोळी, हातभर हिरव्या बांगड्या. आणि नेसूचं मात्र दंड घातलेलं जुनेर, दोन फाटक्या लुगड्यांतले धड भाग जोडून शिवलेलं. जोडाची शिवण नेमकी मांडीवर येत होती. शिवण दिसू नये म्हणून तिनं भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलं होतं.

फलाटावर पेरू विकणारी सुलाबाई तिला मघापासून न्याहाळत होती.

"वरनं नवरी दिसतीस गं, आन् खालनं रोजगारीण."

मनुबाई हसली. "लुगडं यायलंय मावशी. मिरजंच्या गाडीनं. आक्का नेसून येतीया."

लढाई लागल्यापासून कापड कार्डावर मिळायचं, तेही आलं तर. घरात जावा दोन आणि धड लुगडं एक. कोवळ्या जोंधळ्यागत हिरवं, तांबड्या काठाचं. ते गावाला जायचं लुगडं. जी जाईल तिनं नेसायचं, दुसरीनं घरी राहायचं. मनुबाईच्या नवऱ्याचं, कृष्णाताचं पोट दुखायला लागलं आणि त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याचा थोरला भाऊ जोतिबा आणि भावजय रंगूबाई सोबत गेली. लुगडंही गेलं.

मागनं मनुबाई जुनेरावरच निघाली होती. तेवढ्यात मिरजेहून आलेल्या एका माणसाकडून कृष्णाताचा सांगावा आला. 'दंडाच्या लुगड्यानं येऊ नगं. हितं लोकं बघत्यात. मंगळवारी वैनी माघारी येतीया, तिचं हिरवं नेस आन् मगच ये.'

म्हणून ती थांबली. आज मंगळवार होता.

दोन्ही गाड्यांची गाठ याच स्टेशनात पडायची. मिरजेहून येणारी आधी लागायची, मग मिरजेला जाणारी. तेवढ्यात लुगडं बदलायचं.

"नेसणार कुठं?" सुलाबाईनं विचारलं. "समदा फलाट बघंल."

"त्या भिताडाला."

"मी पदराचा आडोसा धरती. पर दवाखान्यात निघालीस का जत्रंला? एवढा गजरा?"

"तिथं औषदाचा लय वास येतोय म्हणं," मनुबाई म्हणाली. "अबोलीला वास नसतोय, ठावं हाय मला. पर त्येस्नी बघायला आवडती."

गाडी आली. मनुबाई उठली, डब्याडब्याच्या दारात हिरवं शोधू लागली. हिरवं कुठंच उतरलं नाही. गर्दी पांगली तेव्हा अगदी मागल्या डब्याजवळ रंगूबाई उभी दिसली. अंगावर तिचं रात्री निजायचं जुनेर, हातात लहानसं बोचकं. केसांना फणी लागलेली नव्हती.

मनुबाई धावतच तिच्याकडं गेली. "आक्का, लुगडं?"

रंगूबाई नुसती बघत राहिली. तिच्या चोळीकडं, बांगड्यांकडं, गजऱ्याकडं.

"मळलं म्हणून काढलं व्हय? मळू दे की. आणा हिकडं. गाडी यील आता."

"चला गं बायांनो, बिगीबिगी," भिंतीपाशी सुलाबाईनं पदर दोन्ही हातांनी ताणून वर धरला होता.

मनुबाई जावेचा हात धरून पदराआड शिरली. गाठोडं खाली ठेवलं, कमरेची गाठ सैल केली आणि हात पुढं केला.

रंगूबाईनं बोचकं सोडलं. आतून तांबडी गुंडाळी काढून तिच्या हातात ठेवली. लुगड्याचे दोन्ही काठ. नुसते काठ, उभे फाडलेले.

"काल दुपारी गेलं भावजी," रंगूबाई म्हणाली. "सांजंला नदीवर नेलं."

मनुबाईचा हात तसाच पुढं राहिला.

"वर घालायला कापड मिळंना. कारड हितं घरात. बिगर कारडाचं कोण देतंय? ह्येनी लय दुकानं हिंडली. मग मीच लुगडं सोडलं. बाप्या माणसाला काठाचं घालत न्हाईत म्हणाली लोकं, म्हणून काठ तेवढं फाडलं." ती थांबली. "तुज्यासाठनं आणलं."

मनुबाईनं गुंडाळी बोटांनी चाचपली. सोडलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली.

"मी दंडाच्या लुगड्यानंच आली असती, आक्का."

"व्हय गं."

"तवाच आली असती."

रंगूबाईनं खाली ठेवलेलं भाकरीचं गाठोडं उचललं.

मिरजेला जाणारी गाडी धडधडत आत आली. खिडक्यांतून माणसं डोकावू लागली. त्या आवाजात मनुबाई काहीतरी बोलली. रंगूबाईनं कान जवळ नेला.

"पुरलं का म्हणती मी. त्ये लय उंच हायती."

"पुरलं, बाई. नऊवार हुतं. डोस्क्यापासनं पायापतुर पुरलं."

मग मनुबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"पेरूवाली, ए पेरूवाली," खिडकीतून कुणीतरी हाक मारत होतं. "इकायचं हायती का न्हाई?"

सुलाबाईनं वळून पाहिलं नाही. शिट्टी झाली, गाडी हलली, शेवटचा डबाही निघून गेला. तिचे हात भरून आले होते. पण तिनं पदर खाली घेतला नाही.