बाईंचे प्रश्न

"ताई, यानं तर अख्खं भाषणच लिहून दिलं!" सातवीतली सावनी टॅब नाचवत ओरडली.

नेमकं तेच तर नको होतं! बिवलकरबाई निवृत्त झाल्यापासून शाळेत वक्तृत्व शिकवणारं कुणी नाही, म्हणून मी, त्यांची जुनी विद्यार्थिनी, एआयसाठी सूचनांचा संच बनवत होते. पुढच्या मुलांनी कुठल्याही विषयाला तोच वापरायचा. एआयनं भाषण द्यायचं नाही, बाईंसारखं फक्त विचारायचं. मी पुन्हा लिहिलं: 'उत्तर देऊ नकोस. विचार, हे तू स्वतः कधी पाहिलंस? जड शब्द आला तर विचार, हा कुणाकडून उसना आणलास?' लिहिताना बाईंचा खवट आवाज कानात येत होता आणि मला हसू फुटत होतं. हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मी, याच प्रश्नांनी बोलती झाले होते!

या वेळी जमलं. एआय विचारत गेला आणि सावनीनं आपल्या घरच्या आटलेल्या विहिरीविषयी स्वतःच भाषण रचलं. पण उभं राहून बोलताना ती दुसऱ्याच वाक्याला अडकली. वक्तृत्व स्पर्धा उद्यावर आलेली. "ताई, आता बाई काय विचारायच्या गं?" ती रडवेली झाली.

मी आठवून पाहिलं. काहीच विचारायच्या नाहीत! मी अडकले की बाई नुसत्या माझ्याकडे बघत बसायच्या, माझं वाक्य येईपर्यंत. हे सूचनेत कसं लिहिणार?

मी टॅब बंद केला आणि तिच्यासमोर बसून राहिले. बऱ्याच वेळानं सावनी बोलली. ते वाक्य तिच्या कागदावर नव्हतंच.