दोन खुर्च्या आणि एक मावशी

व्यासपीठावर खुर्च्या दोन मांडल्या होत्या आणि बसायला बाई एकच आली.

अध्यक्षस्थानी असलेल्या निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा पुसून हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. वादसभेचा विषय होता, गरिबांना मदत करायची जबाबदारी कुणाची? सरकारची की चर्चची? सरकारच्या बाजूने मदत कचेरीचे साहेब बोलले होते, चर्चच्या बाजूने फादर. दोघांचंही म्हणणं, जबाबदारी आमचीच आणि आम्ही ती चोख पार पाडतो. दोघांनीही टाळ्या घेतल्या होत्या. आता दोघांनी आपल्या मदतीने उभं राहिलेलं एकेक माणूस लोकांसमोर आणायचं होतं. दोघांनीही बोलावलं ते मावशींना.

मावशी म्हणजे झाडलोट करणाऱ्या बाई. सकाळी सहा ते दहा चर्च आणि त्याला लागून असलेला हा हॉल, अकरा ते तीन समोरची मदत कचेरी. गेली अकरा वर्षं. दोन्हीकडे सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि नातं तेवढ्यावरच संपत असे. हॉलमधल्या दीडशे खुर्च्या सकाळी त्यांनीच मांडल्या होत्या. वरच्या या दोनही.

‘‘मावशी, संध्याकाळी जरा इस्त्रीचे कपडे घालून या हं,’’ असं सकाळी फादर म्हणाले होते. दुपारी साहेब म्हणाले, ‘‘मावशी, उगाच नटूनथटून येऊ नका. लोकांना खरं वाटलं पाहिजे.’’ मावशींनी दोघांचाही मान राखला. अंगावरचे कपडे विटके होते, पण इस्त्री कडक होती.

‘‘काहीतरी घोळ झालाय,’’ फादर उठून म्हणाले. ‘‘या आमच्या. गेल्या थंडीत यांना आम्ही ब्लँकेट दिलं.’’

‘‘आणि धान्याचं पोतं आम्ही दिलं,’’ साहेब म्हणाले.

हॉलमध्ये खसखस पिकली. हेडमास्तरांनी हात वर करून लोकांना गप्प केलं आणि माइक मावशींच्या हातात दिला. ‘‘तुम्हीच सांगा मावशी. तुम्हाला खरा आधार कुणाचा?’’

मावशींनी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. पुसला मात्र शंभरदा होता. त्यांना एकदम घर आठवलं. नवरा छपरं शाकारायचा. सहा महिन्यांपूर्वी एका छपरावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली असती, पण तिथे उपचार कार्ड लागायचं आणि कार्ड मिळायचं ते पूर्णवेळ कामगाराच्या घरच्यांना. मावशी रोज आठ तास राबत. पण चार तास इथे आणि चार तास तिथे, म्हणजे दोन्हीकडे अर्धवेळ. पूर्णवेळ करून घ्या, म्हणून त्या दोन्ही दारांत उभ्या राहिल्या. ते जमत नसेल तर निदान शस्त्रक्रियेला मदत करा म्हणाल्या. हे म्हणाले तिकडे जा, ते म्हणाले इकडे जा. अशी सहा महिने टोलवाटोलवी चालली होती आणि तो धट्टाकट्टा माणूस कूस बदलायलाही बायकोची वाट बघत पडून होता. मावशींना भयंकर राग यायचा. तो त्या झाडूच्या फटक्यात जिरवायच्या. आज हातात झाडू नव्हता.

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले.

‘‘हे फादरांचं पत्र. ‘आपण सरकारी कर्मचारी असल्यामुळे आमच्या निधीतून मदत देता येत नाही.’ आणि हे साहेबांचं. ‘आपण चर्चच्या कर्मचारी असल्यामुळे आमच्या योजनेत बसत नाही.’ खाली दोघांच्या सह्या आहेत.’’

आता कुणी हसलं नाही. फादर बुटांकडे बघू लागले. साहेबांना एकाएकी तहान लागली.

‘‘आठ तासांची बाई आहे मी,’’ मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. ‘‘तुम्ही दोघांनी मला मधोमध कापून घेतलंय, आणि वर गरीब म्हणून इथे दाखवायला बोलावलंत! मला ब्लँकेट नको, पोतंही नको. माझ्या माणसाला कार्ड हवंय. दया म्हणून नाही. मी काम करते म्हणून.’’

त्यांनी कमरेचे किल्ल्यांचे दोन जुडगे सोडले. एक या खुर्चीवर ठेवला, एक त्या. चर्चचं जुनं दार किंचित उचलून ढकलल्याशिवाय उघडत नसे. कचेरीच्या दप्तराच्या खोलीचं कुलूप किल्ली अर्धी बाहेर ओढून फिरवली तरच निघे. या दोन्ही खुब्या मावशींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हत्या. उद्या सकाळी चर्चमध्ये लग्न होतं, आणि अकराला कचेरीत वरचे साहेब तपासणीला यायचे होते.

‘‘गरिबांची जबाबदारी कुणाची ते सावकाश ठरवा,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘उद्या दारं उघडायची जबाबदारी कुणाची, तेवढं आजच ठरवून टाका. मी निघाले.’’

त्या पायऱ्यांपर्यंत पोचल्या, तेवढ्यात फादर आणि साहेब दोघेही ताडकन उठले. संध्याकाळभर एकाही गोष्टीवर एकमत न झालेले ते दोघे आता एकाच वेळी ओरडले, ‘‘मावशी, असं काय करता! तुम्ही तर आमच्याच!’’

मावशी थांबल्या. परत आल्या. हेडमास्तरांच्या खिशातलं पेन त्यांनी न विचारता काढून घेतलं आणि दोन्ही पत्रं पालथी करून टेबलावर ठेवली.

‘‘मग तसं लिहून द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागची बाजू कोरीच आहे.’’